कचकड्यावरचा खटला

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. विषय नेहमीचाच: ‘प्लास्टिक – शाप की वरदान?’ चौदा मुलं बोलली. नऊ जणांनी प्लास्टिकला भस्मासुर ठरवलं, चौघांनी सलाइनच्या पिशवीपासून विमानापर्यंतची यादी म्हणून दाखवत वरदान ठरवलं, आणि एका हुशार मुलीने नाण्याच्या दोन्ही बाजू दाखवून तिसरा क्रमांक पटकावला. मुलांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मोठ्यांचा वाद तरी कुठे वेगळा असतो? एक गट ‘प्लास्टिकमुक्त गावा’ची शपथ घेतो, तीही पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकच्या फ्लेक्सखाली उभं राहून. दुसरा गट तोच फ्लेक्स दाखवून म्हणतो, प्लास्टिकशिवाय तुमचं पान हलत नाही, मग बंदीचं ढोंग कशाला? टाळ्या दोघांनाही मिळतात. अभियांत्रिकीच्या मुलांना तीस वर्षं पदार्थशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्याला मात्र दोन्ही भाषणं सारखीच पोकळ वाटतात, कारण दोघंही एका आडनावाच्या शेकडो माणसांवर एकच खटला चालवत असतात. प्लास्टिक ज्यात मोडतं तो पॉलिमर हा पदार्थांचा अख्खा वर्ग आहे. त्यातला कोणता, कोणत्या कामाला, किती काळासाठी, आणि काम संपल्यावर त्याला उचलणार कोण, हे विचारल्याशिवाय शाप काय नि वरदान काय! आणि हे एकदा विचारलं की दोन्ही पक्षांना न पटणारी उत्तरं निघतात. काही वस्तूंवर आजच्यापेक्षा कडक बंदी हवी, आणि काही ठिकाणी आजच्यापेक्षा जाड प्लास्टिक हवं.

प्लास्टिकच्या आधी मराठीत कचकडं होतं. माझ्या आजीच्या तोंडी बाहुली कचकड्याची असायची आणि फणीही कचकड्याचीच. पण कचकडं म्हणजे मुळात कासवाच्या पाठीचं कवच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. हस्तिदंत महागला तेव्हा त्याला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर झालं, आणि त्या नादात जॉन वेस्ली हयात याने १८७०च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून सेल्युलॉइड बाजारात आणलं. हा नवा पदार्थ हस्तिदंताची आणि कासवाच्या पाठीची हुबेहूब नक्कल करायचा, म्हणून आपल्याकडे तो त्याच जुन्या नावाने रुळला. पुढे ते नाव प्लास्टिकलाही चिकटलं. आता, नक्कल आली म्हणून कासव वाचलं का? कवचाचा व्यापार त्यानंतरही शंभर वर्षं चालू राहिला, तो आवळायला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कायदे आणि आंतरराष्ट्रीय करार लागले. नवा पदार्थ आपल्या पायाने येऊन कुणाला वाचवत नाही, तसा कुणाला बुडवतही नाही.

‘कृत्रिम विरुद्ध नैसर्गिक’ ही दुसरी गल्लत. पॉलिमर म्हणजे छोटे रेणू एकाला एक जोडत गेलेली लांबलचक साखळी. कापूस, रेशीम, रबराचा चीक, बैलाचं शिंग, आपली नखं, सगळे पॉलिमरच. अशा महाकाय साखळ्या असतात हे हर्मान श्टाउडिंगर १९२० पासून सांगत होता, तेव्हा बड्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याला वेड्यात काढलं. नोबेल मिळायला १९५३ उजाडलं. या साखळ्या ताटातल्या शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. ऊब मिळाली की सरकतात, गार झाल्या की जागेवर अडकतात. त्यांच्यात अधूनमधून गाठी मारल्या की ताणून परत येणारं रबर मिळतं. गुडइयरने १८३९ मध्ये गंधकाने तेच केलं. गाठी दाटीवाटीने मारल्या की १९०७ सालचं बेकलाइट, म्हणजे आजही कुकरच्या मुठीत असतं त्या जातीचं. मेण वितळवून पुन्हा ओतता येतं, उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही. थर्मोप्लास्टिक आणि थर्मोसेट यांत फरक नेमका एवढाच. एकाच पीव्हीसीचा बोअरवेलचा ताठ पाइपही होतो आणि तेलकट प्लास्टिसायझर मिसळलं की मऊ रेनकोटही. या सगळ्यांना एका शब्दात कोंबून शिव्या देणं म्हणजे ‘धातू वाईट’ म्हणून सोनं, पारा आणि बिडाचा तवा एकत्र फेकण्यासारखं आहे.

पॉलिथिनचंच उदाहरण घ्या, कारण सगळ्यात जास्त शिव्या तेच खातं. १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या विनिंग्टनच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखालच्या एका फसलेल्या प्रयोगात भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. त्याचं पहिलं मोठं काम पिशवी होण्याचं नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवरचं आवरण म्हणून ते वापरलं गेलं. त्याच्याइतकं हलकं, लवचीक आणि उच्च वारंवारतेला वीज न गिळणारं दुसरं काही हाताशी नव्हतं. बनियनच्या आकाराची पिशवी आली ती स्वीडनमध्ये, १९६०च्या दशकात. तिचा जनक स्टेन थुलिन याचा हेतू कागदी पिशव्यांपायी तुटणारी झाडं वाचवण्याचा होता, आणि तो स्वतः ती खिशात घडी करून पुन्हा पुन्हा वापरायचा, असं त्याच्या मुलाने सांगितलं आहे. त्याच दशकात, १९६२ मध्ये, इंग्लंडमध्येच जॉन चार्नली नावाच्या शल्यविशारदाने पॉलिथिन माणसाच्या खुब्यात बसवलं.

चार्नलीची गोष्ट जरा थांबून सांगतो. आधी त्याने कृत्रिम खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं होतं. तर्क पक्का होता: सगळ्यात निसरडा पदार्थ, म्हणजे घर्षण सगळ्यात कमी. शेकडो रुग्णांना खुबे बसले, माणसं चालू लागली, आणि दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या. झिजेचा भुगा आजूबाजूच्या मांसात चिघळला. टेफ्लॉन निसरडं असतं पण झीज सोसत नाही, हा धडा रुग्णांच्या अंगावर शिकावा लागला. चार्नलीने तो भुगा स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन तपासला. मग एक विक्रेता यंत्रमागाच्या दातेरी चाकांसाठी वापरायचं अतिलांब साखळीचं पॉलिथिन घेऊन आला. चार्नलीने ते हातात घेऊन नाकारलं होतं; प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने परस्पर घासणयंत्रावर लावून पाहिलं, तर झीज नगण्य. आज जगभर लाखो लोक त्याच जातीच्या वाट्यांवर चालतात. बाजारातल्या फडफडत्या पिशवीचं आणि आजीच्या खुब्याचं रासायनिक सूत्र एकच आहे. फक्त खुब्यातल्या साखळ्या पिशवीतल्यांपेक्षा दहा-वीस पट लांब. मग सांगा, पॉलिथिन शाप की वरदान?

आता विरोधकांचे मुद्दे. ते पोकळ नाहीत आणि ‘कचरा टाकणाऱ्याचा दोष, प्लास्टिकचा नाही’ असं म्हणून ते झटकणं मला अप्रामाणिक वाटतं. १९५० ते २०१५ या काळात जगाने सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक बनवलं, आणि त्यातलं जे कचऱ्यात गेलं त्याचा जेमतेम ९ टक्के भाग पुन्हा वापरात आला. बांधकामातलं प्लास्टिक सरासरी तीस-पस्तीस वर्षं काम करतं आणि वेष्टनातलं जेमतेम सहा महिने. उत्पादनात सगळ्यात मोठा वाटा मात्र वेष्टनाचाच. त्याचे तुकडे होत होत सूक्ष्मकण समुद्रात, मिठात, माणसाच्या रक्तात सापडले आहेत. पीव्हीसी ज्यापासून बनतं त्या व्हिनाइल क्लोराइडने कारखान्यातल्या कामगारांना यकृताचा दुर्मीळ कर्करोग होतो, हे १९७४ मध्ये उघड झालं. आणि मुंबईकराला २६ जुलै २००५ विसरता येणार नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या गटारांत पिशव्या निघाल्या. कुणी म्हणेल, ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या गटारांतून एवढं पाणी पिशव्या नसत्या तरी गेलं नसतं, आणि मिठी नदीचं पात्र काही पिशव्यांनी बुजवलेलं नव्हतं. खरं आहे. पण खुनात दोघे सामील होते म्हणून एकाला निर्दोष सोडत नाहीत.

हे सगळं मान्य करूनही ‘म्हणून नैसर्गिककडे परत जा’ हा निष्कर्ष निघत नाही. तिकडून आपण एकदा येऊन गेलो आहोत. तारायंत्राच्या काळात समुद्राखालच्या तारांना आवरण हवं होतं आणि ते मलाया-बोर्निओच्या जंगलातल्या गटापर्चा झाडाच्या चिकाचं असायचं. संपूर्ण नैसर्गिक, रबराचाच सख्खा भाऊ. १८५१ मध्ये डोव्हर-कॅलेची तार पडली, १८६६ मध्ये अटलांटिक पार झाला आणि १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न या अजस्र जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत तार अंथरली. मुंबईच्या कापूस बाजाराला लंडनचे भाव काही तासांत कळू लागले. या सोयीपायी लाखो झाडं आडवी झाली, कारण चीक काढायचा तर झाड तोडूनच, आणि एका झाडातून निघायचा तो मूठभर. तारांना या चिकाची गरज उरली नाही ती पुढे पॉलिथिन आलं तेव्हा. आजच्या कापडी पिशवीचा हिशेबही असाच अडचणीचा आहे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, एकदा वापरलेल्या पातळ पिशवीच्या तुलनेत तापमानवाढीचा भार कमी व्हायचा तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. त्या गणितात गटार तुंबणं, गाईच्या पोटात पिशवी जाणं धरलेलं नाही, म्हणून ते शेवटचा शब्द नाही. पण प्रत्येक समारंभात फुकट वाटलेल्या, छापील नावाच्या सुती पिशव्या कपाटात पडून असतील, तर त्यातून कुणाचं भलं झालं?

इथे अभियंत्यांच्या बिरादरीलाही चार शब्द सुनावले पाहिजेत, कारण पॉलिमरने घातलेले मोठे घात बहुतेक आमच्याच निवडीचे आहेत. २८ जानेवारी १९८६ च्या सकाळी फ्लोरिडात कडाक्याची थंडी होती. चॅलेंजर यानाच्या बूस्टरमधलं रबरी ओ-रिंग त्या थंडीत आखडलं, सांधा मिटवायला वेळेवर फुललं नाही, आणि सात अंतराळवीर गेले. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनने चौकशीच्या बैठकीत बर्फाच्या पाण्यात त्या रबराचा तुकडा बुडवून दाखवला. बाहेर काढल्यावर तो दाबल्या आकारातच राहिला. गार झाल्यावर साखळ्यांची सरकण्याची मुभा संपते, हे आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकवतो. धोक्याचा इशारा आदल्या रात्रीच अभियंत्यांनी दिला होता, तरी उड्डाण झालं. किंवा लंडनचा ग्रेनफेल टॉवर घ्या. १४ जून २०१७ च्या रात्री लागलेल्या आगीत ७२ माणसं मेली. इमारतीला बाहेरून लावलेल्या पत्र्यांत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ थरांमध्ये पॉलिथिन भरलेलं होतं, आणि आग त्यावरून वरच्या मजल्यापर्यंत चढत गेली. आपल्याकडे लाक्षागृहाची कथा लहान पोरालाही ठाऊक आहे. लाख हाही पॉलिमरच्याच जातीचा पदार्थ. दुर्योधनाने तो जाणूनबुजून निवडला, लंडनमध्ये पॉलिथिन स्वस्त पडलं म्हणून निवडलं गेलं. आज आपल्या प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत दुकानांना, दवाखान्यांना, बँकांना चकचकीत एसीपी शीट, म्हणजे ॲल्युमिनियमच्या थरांत मधे काहीतरी भरलेला तसाच पत्रा, लागलेलं दिसतं. त्यातलं आग रोखणारं कोणतं आणि भडकवणारं कोणतं, हे लावून घेणारा विचारतो का? ज्या अभ्यासक्रमात पोलादाला सत्रंच्या सत्रं मिळतात आणि पॉलिमर एका युनिटात, बहुधा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, उरकला जातो, तिथून निघालेल्या अभियंत्याला तरी कुठे विचारता येतं? ‘प्लास्टिकमुक्त’ची घोषणा या अज्ञानावर पांघरूण घालते. जे टाळायचंच आहे ते नीट शिकायचं कशाला?

दुसऱ्या बाजूचे वकीलही सुटत नाहीत. ‘पुनर्चक्रीकरण करू, सगळं ठीक होईल’ हे त्यांचं पालुपद. हे किती खरं, ते कचरा वेचणाऱ्या बाईला विचारा. पुण्यात वेचकांनी १९९३ पासून संघटना उभी केली, पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. या बायकांना पॉलिमरची जी जाण आहे ती माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांना नाही. चुरगाळल्याच्या आवाजावरून त्या पिशवी ओळखतात. पाण्याची बाटली वेगळी, दुधाची पिशवी वेगळी, बादली-मगाचं कडक प्लास्टिक वेगळं. बाटली रस्त्यावर फार वेळ राहत नाही, कारण तिला भंगारात भाव आहे आणि तिचा पुढे दाणा होतो, धागा होतो. पाच रुपयांच्या वेफर्सचं चकाकतं पाकीट मात्र तिथेच राहतं. त्यात एकावर एक चिकटवलेले वेगवेगळ्या पॉलिमरचे थर असतात: छपाईला एक, हवा अडवायला धातूचा मुलामा दिलेला दुसरा, पाकीट शिवायला तिसरा. प्रत्येक थर आपापलं काम चोख करतो, म्हणून वेफर्स कुरकुरीत राहतात आणि म्हणूनच ते थर पुन्हा सुटे करणं कुणाला परवडत नाही. भाव नाही, म्हणून उचलणारा नाही. हे पाकीट रस्त्यावर पडणार हे कारखान्यातच ठरलेलं होतं. नागरिकाच्या संस्काराचा प्रश्न नंतरचा. साताऱ्याच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांच्या पात्यांचंही तेच, फक्त मोठ्या आकारात: काचतंतू आणि थर्मोसेट रेझिन, वीस-पंचवीस वर्षं ऊन-वारा झेलणारं उत्तम काम, आणि नंतर? उकडलेलं अंडं. ती वितळत नाहीत. तरी दोन्हींना मी एका पारड्यात तोलणार नाही. पातं वीस वर्षं वीज देतं, पाकीट दहा मिनिटं साथ देतं.

म्हणून २३ मार्च २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीला मी विरोध केला नव्हता, आजही करत नाही. थर्माकोलच्या ताटल्या आणि कागदासारख्या पातळ पिशव्या यांच्या बाजूने बोलण्यासारखं काही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पाच हजारांच्या दंडावर सगळी चर्चा झाली, पण दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परतीची किंमत छापायची, ही त्याच आदेशातली सगळ्यात शहाणी कल्पना कुणाला आठवतही नाही. माझ्या दुधवाल्याने आजवर एकही पन्नास पैसे परत केलेले नाहीत. मीही मागितले नाहीत, हे कबूल करतो. टाकाऊला किंमत चिकटवली की उचलणारा हात तयार होतो, हे वेफर्सच्या पाकिटाने आणि पाण्याच्या बाटलीने शेजारी शेजारी पडून सिद्ध केलं आहे. केंद्राच्या नियमाने कॅरीबॅगची किमान जाडी सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि डिसेंबर २०२२ अखेर १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) केली, तेव्हा पुष्कळ पर्यावरणवादी चिडले: म्हणजे जास्त प्लास्टिक वापरा म्हणता? आक्षेप बिनबुडाचा नाही. जाड पिशवीही फुकट वाटली तर कचऱ्याचं वजन तेवढं वाढतं. पण जाडीचा मुद्दा समजायचा असेल तर बाजारातून उठून शेतात जावं.

निफाडकडे माझा एक जुना विद्यार्थी नोकरी सोडून शेती करतो. त्याच्या शेतात पॉलिमरचं छोटं प्रदर्शनच आहे. शेततळ्यात पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, बरीच वर्षं पाणी धरून असलेला. पीव्हीसीची मेन लाइन. ठिबकच्या काळ्या नळ्या. काजळीमुळे काळ्या, कारण कार्बन ब्लॅक नसतं तर उन्हाने साखळ्या केव्हाच तोडल्या असत्या. या नळ्या उंदीर-खारी कुरतडतात, ड्रिपर क्षाराने चोंदतात, पण खराब झाल्या की भंगारवाला बांधावर येऊन वजनावर पैसे देऊन जातो. सगळं ‘प्लास्टिक’, आणि यातलं काहीही काढून घेतलं तर त्या भागात टोमॅटो पिकवणं अवघड होईल. अडचण फक्त एका गोष्टीची होती. टोमॅटोचा हंगाम संपला होता आणि बेडवरचा पंचवीस मायक्रॉनचा मल्चिंग पेपर, म्हणजे पिकाभोवतीची माती झाकायला अंथरलेलं पातळ प्लास्टिक, काढायचं काम चालू होतं. तो हातात येतच नव्हता. ओढला की फाटायचा, चिंध्या वाऱ्याने कुंपणाला जाऊन अडकायच्या, उरलेल्या मातीत गाडल्या जायच्या. दोन बायका दिवसभर वाकून तुकडे वेचत होत्या. माती लागलेल्या त्या चिंध्यांना भंगारवाला हात लावत नाही, म्हणून बांधाच्या कडेला त्यांचा ढीग होता आणि त्याला काडी लावायची की नाही यावर बापलेकांचा वाद चाललेला. मला पाहून तो थोडा ओशाळला. म्हणाला, “सर, दुकानात पन्नासचाही होता. दुप्पट पैसे कशाला घालायचे म्हणून पंचवीसचा आणला. पन्नासचा असता तर आज एका ओढीत सबंध निघून आला असता, आणि पुढच्या पिकाला परत अंथरला असता.”